जुन्या मोटारीच्या एसीत घरी गॅस भरण्याचा संच : घ्यावा का?

नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या गाडीचा एसी साधीच हवा फेकू लागला की गॅरेजमधले उत्तर ठरलेले असते : गॅस संपला, भरून घ्या. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि कमी झाला असेल, तर कुठून तरी गळलेला असतो. घरी गॅस भरण्याच्या संचाची पारख करताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, कारण हा संच गॅस भरतो, गळती बुजवत नाही.

ऑनलाइन मागवलेल्या या संचात आर-१३४ए या एसीच्या गॅसचा ४५० ग्रॅमचा डबा, डब्याला भोक पाडून बसणारी तोटी, रबरी नळी, ती गाडीला जोडणारा कपलर आणि दाब दाखवणारे एक गेज मिळते. गॅरेजमध्ये एकदा गॅस भरायला जेवढे पैसे पडतात, साधारण तेवढ्यातच हा संच येतो. नळी आणि गेज पुन्हा वापरता येतात, हा त्यातला फायदा. मात्र गाडी फारच जुनी असेल, तर बॉनेटखालचे लेबल आधी वाचावे. भारतात नव्या गाड्यांच्या एसीत सीएफसी वापरणे २००३ पासून बंद झाले. त्याआधीच्या काही गाड्यांत आर-१२ हा सीएफसी गॅस आणि खनिज तेल असते. त्या तेलाशी आर-१३४ए मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, वंगण पोचत नाही आणि तो जाम होऊ शकतो. अशा गाडीसाठी हा संच घेऊच नये.

जोडणी चांगली आहे. कपलर फक्त लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या जाड आणि गार नळीवरच्या १३ मिलिमीटरच्या पोर्टवर (गॅस भरायच्या तोंडावर) बसतो. हाय साइडचे पोर्ट १६ मिलिमीटरचे असल्याने तिथे तो चढत नाही, आणि उच्च दाबाच्या बाजूला डबा जोडून तो फुटण्याचा धोका त्यामुळे टळतो. नळीतली हवा थोडा गॅस सोडून आधी काढून टाकावी. इंजिन चालू, एसी पूर्ण गारव्यावर, ब्लोअर जोरात आणि हवा आतल्या आत फिरणारी ठेवून तोटी थोडी थोडी उघडावी. डबा उभाच धरावा. उलटा धरला तर द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरून त्याच्या झडपा मोडू शकतो. गॅस जाऊ लागला की डब्यावर दव आणि मग बर्फाची पातळ साय धरते, आतला दाब उतरतो आणि भरणे मंदावते; अशा वेळी डबा कोमट पाण्यात ठेवावा, उकळत्या पाण्यात कदापि नाही. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवेतच. संचात ते दिलेले नाहीत.

माझा मुख्य आक्षेप गेजवर आहे. त्यावरचा हिरवा पट्टा २५ ते ४५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे माप) आहे आणि तो थंड हवामान धरून आखलेला दिसतो. बाहेर ४० अंशांच्या पुढे तापमान असताना पुरेसा गॅस असलेल्या एसीतही लो साइडचा दाब ५० च्या पुढे जातो. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात काटा हिरव्यात असूनही गॅस कमी असू शकतो. एसी बंद असतानाचा आकडा तर आणखी फसवा असतो. ३० अंशांना गेज सुमारे ९७ पीएसआय दाखवते, मग गॅस पूर्ण असो की निम्मा; आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत दाब केवळ तापमानावर ठरतो. म्हणून मी काट्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भिस्त ठेवली. डबा मधूनमधून तोलत, गाडीच्या लेबलवरचे गॅसचे एकूण वजन डोळ्यांसमोर ठेवून गॅस बेताने सोडला, आणि व्हेंटमध्ये अडकवलेल्या थर्मामीटरवरचा आकडा उतरायचा थांबताच तोटी बंद केली. गॅस जास्त झाला तर हाय साइडचा दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो. ती बाजू मोजायची सोयच या संचात नाही.

गारवा चांगला परतला, त्याबद्दल तक्रार नाही. पण काम तिथे संपत नाही. कंडेन्सरच्या, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीच्या, खालच्या जोडावर धूळ धरलेला तेलकट डाग होता. साबणाचे पाणी लावल्यावर तिथे बारीक बुडबुडे आले आणि गळती कुठे आहे ते कळले. जोडातली ओ-रिंग (रबरी कडी) बदलायची तर यंत्रणा उघडावी लागते, आणि उघडलेली यंत्रणा व्हॅक्यूम पंपाने कोरडी केल्याशिवाय भरता येत नाही, कारण आत राहिलेली ओल पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेत, गोठते. ते काम मी एसीच्या कारागिराकडेच दिले. गळती बुजवणारे रसायन मिसळलेले डबेही मिळतात; ते घेऊ नयेत, कारण ते रसायन एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅरेजचे गॅस काढण्याचे यंत्र दोन्ही तुंबवू शकते.

तोटीबद्दलही नाराजी आहे. एकदा डबा टोचला की तोटी काढताना उरलेला गॅस हवेत जातो. अमेरिकेत २०१८ पासून तयार होणाऱ्या अशा छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. इथे तो दिलेला नाही. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते, म्हणजे एक भरलेला डबा वाया गेला तर सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. म्हणून तोटी लावलेलीच ठेवून मी डबा सावलीत जपून ठेवला आहे.

पाचपैकी तीन गुण. दोन-तीन वर्षांत हळूहळू गारवा उतरलेल्या, आर-१३४एवर चालणाऱ्या गाडीसाठी संच जरूर घ्यावा, सोबत वजनकाटा आणि थर्मामीटर ठेवावा. महिन्याभरात गॅस जात असेल, किंवा एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच लागतच नसेल, तर हे पैसे आधी गळती शोधण्यावर आणि फ्यूज, रिले तपासण्यावर खर्च करावेत.