पाठ फुगलेलं मिग

आमचे नाना १९६८ साली ओझरला मिगमध्ये फिटर म्हणून लागले. एच.ए.एल. (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) हे नाव कागदावर. नाशिककडे त्या कारखान्याला मिगच म्हणतात. मिग-२१ चा सांगाडा तिथे बनायचा, इंजिन कोरापुटहून यायचं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला, तो कार्यक्रम नानांनी टीव्हीसमोर उभ्याने पाहिला. दिवाळीपर्यंत त्यांच्यासाठी त्यांचं विमान, म्हणजे मिग-२१ एफएल, त्याचं प्लास्टिकचं मॉडेल १/४८ मापात (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) जोडून द्यायचं असं मी त्याच रात्री ठरवलं. ही घाईच मला नडली.

नेमकं तेव्हाच सगळ्यांना मिग हवं होतं. दुकानांत काही मिळेना. मॉडेलवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, तर दहा मिनिटांत एकाचा खासगी मेसेज आला. सीलबंद एफएल किट (जोडायच्या सुट्या भागांचं खोकं), रेझिनचं कॉकपिट, भारतीय हवाई दलाची डिकल्स (पाण्यात सोडवून चिकटवायची चिन्हं), सगळे मिळून ९,५००. "माझ्या हातात आहे दादा, पण चार जण मागे लागलेत." निळ्या चादरीवर ठेवलेल्या खोक्याचा फोटोही पाठवला. मी ३,००० टोकन दिले, दोन दिवसांनी उरलेले. मग आठवडाभर शांतता, आणि एक दिवस निरोप: पार्सल कस्टममध्ये अडकलंय, १,८०० भरावे लागतील.

हातात असलेली वस्तू कस्टममध्ये कशी अडकेल? हा प्रश्न तुम्हाला आत्ता वाचताना पडला, मला तेव्हा पडला नाही. परदेशातून आलेल्या पार्सलची ड्युटी पोस्टात किंवा कुरिअरवाल्याकडे पावती घेऊन भरतात, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही, हे मला माहीत होतं. तरीही भरले. एकूण ११,३००.

खोकं आलं, म्हणून उलट बरं वाटलं. वरचं प्लास्टिक छान ताणलेलं होतं. (तसलं प्लास्टिक बाजारात मिळतं आणि हेअर ड्रायरने कोणीही चढवतो, हे ज्ञान नंतरचं.) आत मात्र स्प्रूच्या (म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले असतात त्या प्लास्टिकच्या चौकटींच्या) पिशव्यांना स्टेपलरच्या पिना. तिथे माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

नानांनी चष्मा लावून धडाचा एक अर्धा भाग हातात घेतला, अंगठा पाठीवरून शेपटीपर्यंत फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे एफएल नाही. याची पाठ फुगलीय." बरोबर होतं. नंतरच्या एम आणि बिस प्रकारांची पाठ जाड असते, एफएलची सडपातळ. मग त्यांनी काच शोधली. एफएलची काच समोरच्या भागासकट एकसंध, पुढच्या बाजूला वर उचलली जाणारी. इथे दोन वेगळे तुकडे. पोटाखाली टांगायचा जीपी-९ तोफेचा पॉड (तोफ बसवलेली पेटी) तर नव्हताच, आणि एफएलच्या अंगात स्वतःची तोफ नसल्यामुळे या पॉडशिवाय ते विमान नानांना अर्धवट वाटतं. कुणाच्या तरी उरलेल्या किटचे भाग एफएलच्या खोक्यात भरले होते. रेझिनचं कॉकपिट नव्हतंच.

डिकल्सचा प्रकार त्याहून वाईट. मी हवाई दलाचं एक तिरंगी चक्र कापून पाण्यात सोडलं, तर केशरी रंग चहासारखा वाटीत पसरला. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढून वर लॅकरचा हातसुद्धा दिलेला नव्हता. त्यात साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे चक्रातला पांढरा पट्टा म्हणजे नुसती पारदर्शक जागा. खरी डिकल्स ओळखायची तर एखादं पाण्यात सोडवून गडद कागदावर ठेवून बघा. पांढरा पांढराच दिसला पाहिजे.

विकणाऱ्याला फोन केला, नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन तोवर तीन आठवडे झाले होते. खात्यातून रक्कम कधीच पुढे गेली होती. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एवढंच सांगा: सगळे स्प्रू बाहेर काढून, शेजारी चिठ्ठीवर माझं नाव आणि आजची तारीख लिहून फोटो पाठव. "सील तुटेल" असं म्हणाला तर तुटू दे म्हणावं. सील जपून मॉडेल थोडंच जोडता येतं? १/४८ मध्ये पंख साधारण पंधरा सेंटिमीटर भरतात, तेव्हा फोटोत फूटपट्टीही मागा. लहान मापाचं किट मोठ्या मापाच्या किमतीत खपवणारेही आहेत.

नाना अधूनमधून ते धड कानशीने घासत बसतात. पाठ बारीक होतेय म्हणतात. दिवाळी कधीच गेली.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर "सीलबंद नॅट, शेवटचा पीस" अशी जाहिरात पाहिली. (नॅट हेही हवाई दलाचं जुनं लढाऊ विमान.) नाव वेगळं, नंबर वेगळा. खोक्याखालची निळी चादर तीच, कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट.