चिनी कॅलिग्राफीचं सामान: बरेच महिने वापरल्यावर काय टिकलं, काय कपाटात गेलं

आधीच सांगून टाकतो, मखमली खोक्यातला रेडीमेड सेट घेऊ नका. नोकरीनिमित्त बीजिंगमध्ये आहे, संध्याकाळचा क्लास लावला आणि हौसेने ऑनलाइन एक सेट मागवला, ब्रश, शाईची कांडी, दगड, कागद असं सगळं एकत्र, वरून ड्रॅगनची नक्षी. दिसायला जाम भारी. त्यातलं आज टेबलावर फक्त ब्रश टेकवायचं चिनीमातीचं स्टँड उरलंय, बाकी सगळं नंतर ल्यूलीछांगला जाऊन सुटं घेतलं. (ह्याच सामानाची जुनी गल्ली आहे ती, काही घ्यायचं नसलं तरी चक्कर मारा.)

दगडापासून सुरू करतो, कारण खोक्यातला दगड सगळ्यात फालतू निघाला. शाई आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशीच उगाळायची असते, थोडंसं पाणी, कांडी उभी, जोर न लावता हळूहळू गोल, आणि त्यासाठी दगडाला बारीक खरखर लागते. ह्याला इतकं पॉलिश मारलेलं की कांडी नुसती घसरायची आणि दहा मिनिटांनी हातात काय तर राखाडी पाणी. क्वांगतोंगमधल्या चाओछिंगचे त्वान दगड थांग राजघराण्याच्या काळापासून नावाजलेले आहेत पण चांगल्या दगडाच्या किमती बघून मी मुकाट्याने साधा घेतला, बोट फिरवलं की किंचित लागतो असा, आणि मस्त चाललाय. कांडी म्हणजे काजळी आणि जनावराचा सरस. तेलाच्या काजळीची शाई काळी आणि चमकदार, पाइनची जरा मंद, निळसर झाक असलेली. मला पाइनची जास्त आवडते. काम झालं की कांडी पुसून ठेवा नाहीतर दगडाला चिकटून बसते, आणि इथे हिवाळ्यात हीटर लागले की हवा इतकी कोरडी होते की कांडीला तडे जातात, म्हणून माझी कागदात गुंडाळून डब्यात असते. रोज उगाळत बसायला वेळ कुणाकडे आहे, सरावाला बाटलीतलीच शाई वापरतो, उगाळणं फक्त सुट्टीच्या दिवशी.

ब्रशबद्दल. बकरीच्या केसांचा मऊ, शाई भरपूर धरतो पण नवशिक्याच्या हातात नुसता लोळतो. वीझलच्या (मुंगसासारखा छोटा प्राणी) शेपटीच्या केसांचा ताठ, पटकन सरळ होतो. दोन्ही मिक्स असलेला घ्या आणि विषय संपवा. नवीन ब्रश सरस लावून कडक केलेला असतो तो कोमट पाण्यात नीट सुटू द्यायचा, दाबून मोडायचा नाही. वापरून झाला की साध्या पाण्याने धुवायचा अगदी मुळापर्यंत, साबण नको, आणि टोक खाली करून टांगायचा. मुळाशी शाई सुकली की केस फाकलेच समजा.

कागदावर मात्र पैसे घाला. खरा शुआन कागद आन्ह्वेई प्रांतातल्या चिंगशियानचा, छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा ह्यांपासून करतात, 2009 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला. कच्च्या शुआनवर ब्रश क्षणभर जरी थांबला तरी शाई पसरून गोळा होतो, म्हणजे तुम्ही कुठे घुटमळलात ते सगळं दिसतं. तुरटी आणि सरस लावलेल्या पक्क्या कागदावर शाई पसरत नाही, बारीक अक्षराला तो बरा. रोजच्या सरावाला बांबूचा पिवळट कागद, चौकटी छापलेला, स्वस्त असतो, गठ्ठाच आणा. पाण्याने लिहायचं कापड पण मिळतं, ओलं असताना काळं दिसतं आणि सुकलं की कोरं, मजा येते पण शाईचा अंदाज त्यावर अजिबात येत नाही.

आता ज्यासाठी हा खटाटोप वर्थ वाटला ते. क्लासमध्ये पहिले कितीतरी दिवस एकच अक्षर, योंग, कारण त्यात आठ मूळ फटकारे आहेत. मग थांग काळातला नावाजलेला कॅलिग्राफर यान चनछिंग, त्याच्या 779 सालच्या शिलालेखाचा कित्ता. दगड बरीच शतकं गायब होता, 1922 ला शीआनमध्ये सापडला, तिथल्याच बेईलिन म्युझियममध्ये आहे. दगडावर कागद ठेवून घेतलेला ठसा काळा, अक्षरं पांढरी, एकेक रेघ खांबासारखी उभी. गिरवून गिरवून मनगट दुखलं तरी रेघेच्या शेवटी ब्रश मागे वळवून आत घेणं अजून मनासारखं होत नाही. आणि त्याच माणसाचा 758 चा मसुदा बघा, बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला शोकलेख, मूळ कागद तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे, फोटो नेटवर सहज मिळतो. खाडाखोड, मध्येच घुसवलेले शब्द. पूर्वी मला ती नुसती गिचमिड वाटली असती. आता ओळ काळीभोर सुरू होते, फिकी होत जाते, केस फाटून मधून पांढरं दिसायला लागतं तरी हा माणूस थांबत नाही, ओढतच राहतो, आणि मग पुढचं अक्षर एकदम गच्च काळं, म्हणजे इथे ब्रश बुडवला, हे सगळं दिसतं. बाराशे वर्षांपूर्वीच्या हाताचा स्पीड कळतो राव! त्याच्याही आधीचा कॅलिग्राफर वांग शीची, त्याने कवितांच्या संग्रहाला 353 साली लिहिलेल्या प्रस्तावनेचं कौतुक सगळे करतात, त्यात एकच अक्षर वीस वेळा येतं आणि दर वेळी वेगळं, पण तिचं मूळ हरवलंय, आपण बघतो त्या नकला. त्यामुळे माझं मत यानलाच.

रेटिंग: खोक्यातला सेट पाचात दीड, तो पण स्टँडसाठी. सुटं सामान साडेचार. अर्धा कापला कारण ही शाई कपड्यावर पडली की जात नाही म्हणजे नाहीच, जुना टीशर्ट घालून बसा आणि टेबलावर जाड फेल्ट अंथरा, तो पण सेटमध्ये येत नाही.