जिममध्ये लोक खरंच बघतात का? जूनपासून आतापर्यंतचा अनुभव

शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी कोथरूडमधल्या एका जिमचं सभासदत्व घेतलं. आता मार्च संपत आलाय आणि नूतनीकरणाचा मेसेज येऊन पडलाय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. जिमचं नाव देत नाही. खटकलेल्या गोष्टी बऱ्याच जिममध्ये सापडतील आणि चांगल्या गोष्टी तिथल्या दोन-तीन माणसांमुळे आहेत, पाटीमुळे नाहीत. मशिनं कुठल्या कंपनीची, एसी चालतो का, पार्किंग आहे का, यावर लोक भरपूर लिहितात. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका, आणि काही पुरुषही, पैसे भरून पंधरा दिवसांत जायचं सोडतात ते एसीमुळे नाही. सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटतं, म्हणून सोडतात. त्यावर कोणी लिहीत नाही.

माझ्याबद्दल थोडक्यात: वय पंचेचाळीसच्या पुढे, वजन जास्त, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, चालता ते चांगलंच आहे, पण स्नायूंनाही काम द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असं आहे. घरात त्यासाठी जागा नाही. राहिली जिम.

हॉल पहिल्या मजल्यावर आहे. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच आणि काचेला लागून ट्रेडमिलची रांग, म्हणजे धावणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे. समोर चहाची टपरी. आतल्या लांब भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत आरसा आणि त्याच्याखाली डंबेलचा रॅक. आणि ज्या मशिनवर बसून दोन्ही गुडघे बाहेर फाकवायचे असतात, ते नेमकं त्या रॅकच्या समोर, सात-आठ फुटांवर. मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंसाठी ते मशिन उत्तम आहे, ट्रेनरने माझ्या तक्त्यात पहिल्याच दिवशी लिहिलं. पण तिथे बसलं की डंबेल उचलायला आलेला प्रत्येक माणूस बरोबर समोर उभा. कित्येक दिवस मी त्या मशिनवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे आणि सेट, म्हणजे एका दमात करायची ठरावीक आवर्तनं, अर्धवट टाकून उठायचे.

मग एक छोटी गोष्ट घडली. मी लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशिनवर होते आणि विशीतला एक मुलगा मघापासून माझ्याकडे बघत होता. अगदी सरळ, लपवाछपवी नाही. माझे कान गरम झाले. सेट संपल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, "काकू, किती सेट राहिलेत?" त्याला मशिन हवं होतं. मी मोकळी कधी होते एवढंच तो मोजत होता. "दोन आहेत," म्हटल्यावर मान हलवून दुसरीकडे गेला आणि झाल्यावर परत आला. त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. आपल्याकडे वळलेल्या डोळ्यांपैकी बरेचसे खरं तर आपल्या बुडाखालच्या बेंचकडे किंवा हातातल्या डंबेलकडे वळलेले असतात. संध्याकाळी सात वाजता तर हमखास.

दुसरं जे दिसलं ते विश्रांतीचं. वजन उचलणारा माणूस दोन सेटच्या मध्ये थांबतो. हलकं वजन असेल तर मिनिटभर, जड असेल तर दोन-तीन मिनिटं. म्हणजे तो तासभर आत असला तरी त्यातला मोठा भाग नुसता बसून किंवा उभं राहून धापा टाकण्यात जातो. त्या वेळात डोळे कुठेतरी टेकतात. समोर तुम्ही असाल तर तुमच्यावर टेकतात. त्या माणसाला विचारलं की समोरच्या बाईने कुठल्या रंगाचा टी-शर्ट घातला होता, तर सांगता येणार नाही. हे मी अनुमानाने लिहीत नाही, मी स्वतः जड सेट मारायला लागल्यावर माझेही डोळे तसेच टेकायला लागले. एकदा समोरची मुलगी अवघडून टी-शर्ट खाली ओढायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्याकडे तोंड करून बसलेय. मी माझ्या दमाचाच विचार करत होते.

यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. हे वाचून मला धीर आला. पण पाव म्हणजे शून्य नाही, हेही तितकंच खरं. "कोणी बघत नाही गं, तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं ज्या मैत्रिणी सांगतात त्यांनी हा पाव वाटा विसरू नये.

माझं मत सांगायचं तर बघितलं जाण्याची ही भावना मनात थोडी असते आणि हॉलच्या मांडणीत त्याहून जास्त असते. मनातला भाग महिना-दोन महिन्यांत आपोआप ओसरतो. मांडणीतला ओसरत नाही, तो जिमवाल्यांनीच बदलायला हवा आणि आपण तसं त्यांना सांगायला हवं.

आरसाच घ्या. कंबर सरळ आहे का, गुडघे आत वळताहेत का, हे बघायला आरसा लागतो, मान्य. पण तो एका भिंतीपुरता पुरतो. आमच्याकडे खांबांनाही आरसे आहेत. त्यामुळे तुम्ही कुठेही बसा, कुणाशी तरी आरशातून नजरानजर होतेच, आणि एकाच माणसाचं एकदा बघणं तीन बाजूंनी अंगावर येतं. शिवाय स्वतःचं पोट सतत समोर दिसत राहतं ते वेगळंच. कॅनडात कॅथलीन मार्टिन गिनिस यांच्या गटाने २००३ मध्ये व्यायामाची सवय नसलेल्या बायकांना आरशासमोर आणि आरशाविना सायकल चालवायला दिली होती. आरशासमोर चालवणाऱ्यांना व्यायामानंतर दुसऱ्या गटाइतकं बरं वाटलं नाही, आणि ज्यांना स्वतःच्या शरीराबद्दल फारशी खंत नव्हती त्यांचंही तेच झालं. म्हणजे नवीन आलेल्या, बिचकलेल्या बाईला सगळ्यात आधी ज्या सायकलवर बसवतात, तिच्यापुढेच आरसा लावणं चुकीचं आहे. मी हे मॅनेजरना सांगितलं. त्यांनी दोन सायकली काढून खिडकीच्या कोपऱ्यात, आरशाला पाठ करून ठेवल्या. सकाळच्या बॅचच्या बायका आता आधी त्याच धरतात.

वेळेचाही फार फरक पडतो आणि तो फक्त गर्दीचा नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं एक तत्त्व इथे तंतोतंत लागू पडतं: जे काम अंगवळणी पडलंय ते लोकांसमोर जास्त चांगलं होतं, जे नवीन आहे ते लोकांसमोर बिघडतं. मी त्याप्रमाणे वेळापत्रकच करून घेतलं. नवीन हालचाल शिकायची असेल तर दुपारी साडेतीन-चारला जायचं, तेव्हा हॉलमध्ये चार-पाच माणसं असतात. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं, मी तशीच शिकले, आधी नुसता रिकामा बार घेऊन. ती अंगात भिनल्यावर संध्याकाळच्या गर्दीत केली आणि खरंच, तिथे माझ्याकडून जास्त वजन उचललं गेलं. आजूबाजूला माणसं असण्याचा हा फायदाही आहे, तो घरातल्या डंबेलला मिळत नाही. नोकरीमुळे दुपारी जमत नसेल तर रविवारी बंद व्हायच्या आधीचा तास बघा.

आता त्या पाव वाट्याबद्दल.

ऑगस्टमध्ये एक गृहस्थ, वयाने माझ्याच आसपासचे, मी आणि आणखी दोघी जिथे असू तिथलं शेजारचं मशिन धरायला लागले. मशिनवर बसायचे पण व्यायाम नाही. टेकलेले डोळे आणि खिळलेले डोळे यांतला फरक बाईला सांगावा लागत नाही. टेकलेले डोळे आपण बघितल्यावर हलतात, खिळलेले हलत नाहीत. आम्ही तिघींनी आधी आपापसांत बोलून खात्री केली, मग एकत्र मॅनेजरकडे गेलो. पहिलं उत्तर मिळालं, "मॅडम, ते फार जुने मेंबर आहेत." मी म्हटलं, आम्हीही मेंबर आहोत, पैसे आम्हीही भरलेत. लेखी दिलं, तारखा-वेळा लिहून. चार दिवसांनी त्यांची वेळ बदलली आणि संध्याकाळी हॉलमध्ये एक बाई ट्रेनर ठेवली. ती आल्यापासून वातावरणच बदललं. पहिल्या उत्तराबद्दल मी जिमचे गुण कापते, नंतर जे केलं त्याबद्दल देते.

दुसरा विषय रील्सचा. आपला व्हिडिओ काढून घेणं यात मला काही गैर वाटत नाही, हालचाल नीट होतेय का ते त्यात दिसतं. पण मागे स्क्वॉट, म्हणजे उठाबशीसारखा व्यायाम करणारी बाई त्यात येते आणि तिला पत्ताही नसतो. जिमच्याच पेजवर एका ट्रेनरच्या व्हिडिओत मी मागे दिसले, वाकलेली, पाठमोरी. मी सांगितल्यावर त्यांनी तो काढला. आता भिंतीवर सूचना लागली आहे: शूटिंग फक्त कोपऱ्यातल्या रॅकपाशी, भिंतीकडे कॅमेरा करून. ही सूचना प्रत्येक जिममध्ये असायला हवी. चेंजिंग रूमची गोष्ट तर त्याहून गंभीर, तिथे मोबाइल वर धरलेला दिसला तरी लगेच बोला. कपडे बदलणाऱ्या बाईला चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी किमान १ वर्ष कैद होऊ शकते.

ट्रेनरच्या आवाजाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण मला सगळ्यात जास्त संकोच त्याचा झाला. "ताई, पोट आत! आणखी आत! वजन कमी करायचंय ना?" हे हॉलच्या दुसऱ्या टोकाहून. तोवर ज्यांचं लक्ष नव्हतं तेही वळून बघतात. मी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की जवळ येऊन सांग, आणि माझं वजन हा माझा आणि माझ्या डॉक्टरांचा विषय आहे. त्याने मनापासून ऐकलं. आता तो शेजारी उभा राहून हळू आवाजात "गुडघा बाहेर, श्वास सोडा" एवढंच म्हणतो, आणि माझी स्क्वॉट त्यानंतरच सुधारली.

कपड्यांचं थोडक्यात: लांब कुर्ता आणि ओढणीने झाकल्यासारखं वाटतं, पण ट्रेडमिलच्या पट्ट्यात आणि केबलमध्ये अडकायची भीती असते, ते नकोच. मांड्यांपर्यंत येणारा जाड सुती टी-शर्ट आणि आत टक केलेली घट्ट बंडी चालते. पाठीवर झोपून कंबर उचलायच्या व्यायामात टी-शर्ट वर सरकतो, बंडी सरकत नाही. तेवढ्या एका गोष्टीने माझं टी-शर्ट ओढत बसणं थांबलं.

मी सभासदत्व पुढे घेतेय. साखर काठाच्या आत आलीय, जिना चढताना गुडघे कुरकुरत नाहीत, आणि रॅकसमोरच्या त्या मशिनवर मी आता पूर्ण सेट करते, मोबाइल बॅगेत ठेवून. मशिनची जागा मात्र अजून बदललेली नाही. नूतनीकरणाच्या फॉर्मवर मी तेच लिहून दिलंय की ते आडवं फिरवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नवीन जिम बघायला जाणार असाल तर एक करा. वर्षाचे पैसे एकदम भरले की स्वस्त पडतं म्हणून गळ घालतात, तरी आधी तिमाही घ्या. आणि ट्रायल द्यायची म्हटलं की सकाळी अकराला बोलावतात, तेव्हा हॉल रिकामा असतो. तुम्ही संध्याकाळी सातला जाणार असाल तर ट्रायल सातचीच मागा, आणि तुम्हाला सगळ्यात नको वाटणाऱ्या मशिनवर बसून समोर काय दिसतं ते बघून मगच पैसे भरा.