दालनफेरी की हाताळणी सत्र: संग्रहालयाचा कार्यक्रम निवडताना

स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात गट न्यायचे ठरले की निवड बहुधा दोहोंतच उरते: मार्गदर्शकाबरोबर दालनांची फेरी, किंवा टेबलाभोवती बसून जुन्या वस्तू हाताळण्याचे सत्र. शाळेचा वर्ग, स्काउट पथक आणि प्रौढांचा गट अशा तिघांनाही मी दोन्हींसाठी नेले आहे आणि आता आधी चौकशी करतो ती हाताळणी सत्राचीच.

फेरीची बाजू लंगडी आहे असे मुळीच नाही. गाव कसे वाढले, कोणते व्यवसाय आले आणि गेले, याचा क्रम तासाभरात नजरेसमोर उभा राहतो. शिवाय जुने कापड आणि कागद यांना साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश सोसत नाही, त्यामुळे संग्रहातल्या मौल्यवान वस्तू मंद उजेडाच्या दालनातच पाहाव्या लागतात. हाताळायला बहुधा त्यांच्याहून कमी दुर्मीळ वस्तूच मिळतात.

मला खटकली ती कृतिपत्रिका. फेरीच्या सुरुवातीलाच रिकाम्या जागा भरण्याचा कागद मुलांच्या हाती पडतो आणि तिथून पुढे त्यांचे डोळे वस्तू सोडून माहितीफलकावर खिळतात. एका फेरीत मी मागे उभा होतो. दालनाच्या मधोमध हातमाग मांडलेला होता आणि चौदा-पंधरा मुले त्याच्याकडे पाठ करून फलकावरचे वर्ष उतरवून घेत होती. उत्तरे सर्वांची बरोबर आली, पण मागावरचा धागा कोणत्या रंगाचा होता हे बाहेर आल्यावर एकालाही सांगता आले नाही.

त्याच वयाच्या मुलांपुढे हाताळणी सत्रात एक लोखंडी कुलूप आले. घामातल्या क्षारांनी धातू गंजतो म्हणून हातमोजे घातलेल्या एका मुलीने ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "किल्लीच्या भोकाभोवती केवढे ओरखडे आहेत! अंधारात चाचपडत उघडत असतील." मग दारापाशी दिवा नव्हता का, उशिरा घरी कोण येत असेल, यावर मुले आपापसांत बोलत राहिली.

स्काउटांच्या बाबतीत मला फारशी शंका उरत नाही. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या शिबिरातच मुलांचे छोटे संघ पाडले होते. सहा-आठ जणांचा संघ एका टेबलाभोवती नेमका मावतो आणि नोंदी ठेवण्याचे काम संघनायकाकडे सोपवता येते. सबंध पथक एका मार्गदर्शकामागे चालवले, तर मागच्यांपर्यंत आवाजच पोहोचत नाही.

प्रौढांसाठी निर्णय इतका सरळ नाही, कारण त्यांच्यापाशी ऐकण्याचा धीर असतो आणि मार्गदर्शक जाणकार असेल तर फेरी रंगते. तरीही जुनी कागदपत्रे समोर येणार असतील, तर मी सत्राकडेच झुकेन. कागद सहसा मोज्यांऐवजी स्वच्छ, कोरड्या हातांनी धरायला सांगतात, कारण मोज्यांमुळे बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटू शकतात. तो कागद हाती आला की वयस्कर मंडळी आपल्या घरातल्या आठवणी आपणहून सांगू लागतात.

हाताळणीसाठी गट लहान करावे लागतात, नोंदणी बरीच आधी करावी लागते आणि सलग इतिहास हाती लागत नाही, हेही खरे. एकच भेट शक्य असेल आणि मोठा कालखंड दाखवायचा असेल, तर फेरी घ्यायला हरकत नसावी. मात्र कृतिपत्रिका दालनात शिरताना न देता परतीच्या प्रवासात वाटावी.