जगाच्या इतिहासातील माणसे आणि वळणे : चित्रकार्डांच्या एका संचाविषयी

इयत्ता सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एका प्रकाशनाने काढलेला जागतिक इतिहासाचा चित्रकार्ड-संच आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आला आहे. दर्शनी बाजूस एखाद्या व्यक्तीचे वा प्रसंगाचे चित्र व सन, मागील बाजूस दहा-बारा ओळींचा मजकूर, अशी साधी मांडणी आहे. पाठ्यपुस्तकांत भारताच्या इतिहासाला अग्रक्रम असल्याने बाहेरचे जग मुलांना तुकड्यातुकड्यांनीच भेटते. ती उणीव या संचाने भरून काढावी, ही अपेक्षा निम्मीच पूर्ण झाली आहे.

सर्वांत सरस कार्ड पहिल्या महायुद्धाची ठिणगी ठरलेल्या साराजेव्होतील हत्येचे. २८ जून १९१४ रोजी सकाळी ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर फेकलेला बॉम्ब हुकला, जखमींना भेटण्यासाठी जाताना बदललेला मार्ग चालकाला कोणी सांगितला नाही, आणि चुकीच्या वळणावर गाडी थांबली ती नेमकी एकोणीस वर्षांच्या गाव्हरिलो प्रिन्सिप या सर्ब मारेकऱ्यासमोर, हे सारे थोडक्यात दिले आहे. मात्र लेखक तेवढ्यावर थांबत नाही. ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता, जर्मनीचे पाठबळ, रशियाची सैन्याची जमवाजमव आणि ४ ऑगस्टला ब्रिटनने केलेली युद्धघोषणा, अशी पुढची साखळी बाणांनी जोडली आहे. गोळी हे निमित्त होते आणि दारूगोळा आधीच रचलेला होता, हे मुलाला शिक्षकाच्या मदतीशिवाय उमगते. वळण शिकवायचे ते असे.

याच्या अगदी उलट गत गुटेनबर्गच्या कार्डाची. ‘मुद्रणाचा शोध लावणारा’ हे विधान सरसकट आणि चुकीचे आहे. चीनमध्ये ठोकळ्यांची छपाई त्याच्या कित्येक शतके आधी होती, आणि कोरियात धातूच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांनी, छापलेले ‘जिक्जी’ हे पुस्तक १३७७ चे आहे. जर्मनीतील माइन्झच्या या सोनाराचे खरे कर्तृत्व वेगळेच होते : शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणातून एकसारखे खिळे भराभर ओतता येतील असा साचा, धातूला धरून राहील अशी तेलाची शाई आणि दाबयंत्र या तिन्हींचा मेळ त्याने घातला. भांडवल पुरवणाऱ्या योहान फुस्टने १४५५ मध्ये त्याच्याविरुद्ध दावा जिंकला, हा तपशीलही कार्डावर हवा होता. शोध लावणाऱ्याच्या पदरी नफा पडतोच असे नाही, हे मुलांना तेवढ्याने कळले असते.

देवीची लस देणाऱ्या एडवर्ड जेन्नरच्या कार्डात १७९६ मधील जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलावरील प्रयोग नीट आला आहे. परंतु देवीच्या फोडातला द्रवच टोचण्याची जुनी तुर्की पद्धत लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज लेखिकेने १७२१ मध्ये लंडनमध्ये आपल्या मुलीवर करवून घेतली होती, याचा उल्लेख नाही. आणि मुंबईचा संबंध तर पूर्णच निसटला आहे. बगदाद, बसरा असा प्रवास करत, माणसाच्या दंडातून माणसाच्या दंडात टोचत लस मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात लस मिळालेली ती पहिली व्यक्ती. एवढी एक ओळ असती, तर इंग्लंडमधली गोष्ट आपल्या दारापर्यंत आली असती.

निवडीबाबत माझी मुख्य तक्रार हैती या कॅरिबियनमधल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीविषयी आहे. १७८९ च्या फ्रेंच क्रांतीला सलग तीन कार्डे दिली आहेत. पण १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, तूसँ लूव्हर्त्यूरच्या नेतृत्वाखाली तो वाढला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले, याला एकही नाही. समतेची घोषणा आपल्या वसाहतीतल्या गुलामांपर्यंत न्यायला पॅरिस किती कचरले, हे त्या तीन कार्डांशेजारी ठेवल्याशिवाय ती कार्डे अर्धवटच राहतात.

छपाई स्वच्छ आहे, अक्षर ठळक आहे, पुठ्ठा जाड आहे. खोके मात्र तकलादू असल्याने कार्डे वेगळ्या डब्यात ठेवावी लागतात. घरी एकट्याने चाळण्यासाठी हा संच मी सुचवणार नाही. वर्गात, कार्डातली उणीव भरून काढू शकणारे शिक्षक हाताशी असतील, तर जरूर घ्यावा.