मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड: 14 महिने वापरल्यानंतर

टक्कल थांबवायला मी ही दोन औषधं घेतो: मिनॉक्सिडिल टाळूला लावायचं, फिनास्टेराइड पोटात घ्यायची गोळी. मागच्या वर्षी गुढीपाडव्याच्या आठवड्यात मिनॉक्सिडिलची पहिली बाटली उघडली, त्याला आता 14 महिने झाले. वय 34. सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत असं काही वाचायला मिळालं असतं तर मी दोनदा औषध सोडायच्या बेतात आलो नसतो.

तिशीच्या आसपास कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागले. शेंडीच्या जागी टाळू दिसतेय हे मात्र मला ठाऊकच नव्हतं. भाचीच्या बारशाला पाळण्यावर वाकलो असताना कुणीतरी मागून फोटो काढला, त्यात पहिल्यांदा दिसलं. पुढची दोन वर्षं बोअरचं पाणी, हेल्मेट आणि रात्रपाळी यांना दोष देण्यात गेली. कांद्याचा रस झाला, भृंगराज तेल झालं, बायोटिनच्या गोळ्या झाल्या. तेलानं केस मऊ राहिले, विरळ व्हायचे थांबले नाहीत. (बायोटिन घेत असाल तर थायरॉइडची रक्ततपासणी करताना लॅबमध्ये सांगा, त्यानं आकडे चुकीचे येऊ शकतात.) एका केसांच्या क्लिनिकमध्येही गेलो. तिथे कुणी डोक्याला हात लावायच्या आधीच पीआरपीचं (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचायचा उपचार) पॅकेज आणि हप्त्यांचा तक्ता समोर आला. मी तेव्हा फार खचलेलो होतो, म्हणून त्याचा राग अजून गेलेला नाही. निदान व्हायच्या आधी कुणालाही बिल दाखवू नये.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून टाळू बघितली. जाड केसांच्या मधेमधे बारीक, लवेसारखे केस मिसळलेले होते आणि ते फक्त पुढे आणि शेंडीपाशी. मानेजवळचे केस भक्कम. पुरुषांच्या नेहमीच्या टकलाची हीच खूण, असं ते म्हणाले. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड झाला होता का, हेही विचारलं. तापानंतरची गळती सगळ्या डोक्यावर होते आणि बहुतेकांची आपोआप भरून येते. चाईचा गोल चट्टा हा आणखी वेगळा प्रकार. 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत लोकांचे केस गेले, तसं अचानक झालं तर घरगुती उपाय करत न बसता लगेच तपासून घ्या.

कारण त्यांनी असं समजावलं: शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं आनुवंशिकतेनं त्याला संवेदनशील असतात, त्यांच्यात केसाचा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होत जातो आणि केस बारीक होत जातो. 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं होतं की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले, त्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. म्हणजे पाणी आणि हेल्मेट दोन्ही निर्दोष. आणि टक्कल फक्त आजोळकडून येतं हेही खरं नाही, दोन्हीकडची जनुकं त्यात असतात.

आता औषध. 5 टक्के मिनॉक्सिडिल, सकाळी 1 मिली, रात्री 1 मिली. 60 मिलीची बाटली बरोबर महिनाभर जाते. टाळू कोरडी हवी. केसांना नाही, कातडीला लावायचं, आणि लगेच हात धुवायचे. झोपायच्या दोन तास आधी लावतो, नाहीतर ते उशीला पुसलं जातं. घरात मांजर असेल तर फार जपा, तिच्यासाठी हे विष आहे. मला महिनाभरात खाज आणि कोंड्यासारखे पापुद्रे सुरू झाले. द्रावणात औषध विरघळवायला वापरलेल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे असं होतं. याच औषधाच्या फोममध्ये, म्हणजे फेसाच्या प्रकारात, ते नसतं, म्हणून तो घेतला. महाग पडतो, पण खाज थांबली.

सगळ्यात कठीण गेले ते तिसरा ते आठवा आठवडा. केस आधीपेक्षा जास्त गळायला लागले. मोरीच्या जाळीवर रोज गुंता, उशीवर केस. मी दोन दिवस बाटलीला हात लावला नाही. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की विश्रांतीत असलेले केस ढकलून बाहेर पडतात, कारण मुळं पुन्हा वाढीच्या अवस्थेत जात असतात. हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, माझ्या कानावरून गेलं होतं. दहाव्या आठवड्यात गळती उतरली. हे वाचणाऱ्यातलं कुणी आत्ता त्या आठवड्यांत असेल तर त्यानं कृपया थांबू नये, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी नाही.

फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी पाच महिन्यांनी जोडली. हा निर्णय मी आणि बायकोनं मिळून घेतला. ही गोळी डीएचटी कमी करते. काही पुरुषांत कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन उदास होणं असे त्रास दिसतात. प्रमाण थोडं आहे, पण ज्याला होतो त्याच्यासाठी तो मोठाच. मला पहिले तीन आठवडे मरगळ वाटली, पुढे नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये. माझे वडील प्रोस्टेटसाठी हेच औषध 5 मिलिग्रॅमचं घेतात, मूळ औषध त्यासाठीच आलेलं. त्यानं पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो, हे त्यांच्या तपासणीच्या वेळी सांगावं लागतं.

एक गोष्ट मनाला लागली. दरवर्षी शिवजयंतीच्या शिबिरात मी रक्त देतो. यंदा फॉर्मवर गोळीचं नाव लिहिलं, तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबायला सांगितलं. रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो. वाईट वाटलं, तरी लपवू नका.

निकाल. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा फोटो काढतो. चौथ्या महिन्यापर्यंत फरक नाही. सहाव्यात शेंडीपाशी बारीक केस. दहाव्यात ते जाड झाले, आणि आता त्या जागी टाळू फक्त उन्हात दिसते. कपाळाचे कोपरे परत आले नाहीत, फक्त आणखी मागे गेले नाहीत. औषध बंद केलं तर काही महिन्यांत हे सगळं जातं, त्यामुळे खर्च कायमचा धरूनच चाललोय. पुढच्या भेटीत एकच विचारायचंय: शिवजयंतीच्या आधी महिनाभर गोळी थांबवली तर चालेल का.