पुण्यातील कार्यशाळेने बसवलेले ऑडिओ पॅनेल

पुण्यातील एका कार्यशाळेने आमच्या चार आसनी विमानात गार्मिनचे जीएमए ३४० ऑडिओ पॅनेल (रेडिओ आणि इंटरकॉमचे आवाज हेडसेटकडे वळवणारे उपकरण) बसवून दिले आणि त्यातील वायरिंग मला विशेष आवडले. मायक्रोफोनसाठी शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) असलेली वायर वापरून तिचे शील्ड एकाच टोकाला ग्राउंड केले आहे, तर हेडसेटचे जॅक इन्सुलेटिंग (वीज न वाहणारे) वॉशर लावून विमानाच्या सांगाड्यापासून अलग ठेवले आहेत. त्यामुळे ग्राउंड लूप (एकाहून जास्त ठिकाणी ग्राउंड झाल्याने तयार होणारे नको असलेले वर्तुळ) तयार होत नाही आणि अल्टरनेटरची (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राची) शिट्टी हेडसेटमध्ये शिरत नाही. हे साधे वॉशर किती वेळा विसरले जातात! पॅनेलचा वीजपुरवठा तुटल्यास वैमानिकाचा हेडसेट थेट पहिल्या रेडिओला जोडला जातो, हेही त्यांनी प्रत्यक्ष तपासून दाखवले. वायरिंगचा आराखडा मात्र मागितल्यावरच मिळाला. तो कागदपत्रांसोबत आपणहून द्यायला हवा होता.